खर्जाचे माप

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

ज्या चुकीमुळे हा लेख लिहिण्याची वेळ आली, तिच्यापासूनच सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होईल.

गेल्या वर्षी आमची एकांकिका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरली होती. विषय बंद पडलेल्या कापडगिरणीचा. पार्श्वसंगीताची जबाबदारी माझ्याकडे होती. पेटी नाही, ढोलकी नाही. सारे काही घरच्या संगणकावर, सिंथेसायझरच्या साहाय्याने करायचे मी ठरवले. गिरणीतल्या यंत्रांची धडधड वाटावी म्हणून चार खर्जस्वरांची एक ओळ रचली. शेवटच्या प्रसंगात म्हातारी आई गिरणीच्या फाटकाशी येते, एकच वाक्य बोलते आणि पडदा पडतो. त्या वाक्याच्या खाली माझ्या चार स्वरांपैकी एक स्वर लांबत राहतो, अशी योजना होती.

प्रयोगाच्या दिवशी त्या स्वराने नाट्यगृहाची दारे थरथरली आणि ते वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचले नाही. आईचे काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने त्या एका वाक्यासाठी दोन महिने तालमी केल्या होत्या. रंगपटात आल्यावर ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी मात्र बोललो. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या काकांकडे गेलो आणि चार लोकांसमोर म्हणालो, "काका, तुम्ही बेस वाढवलात. आमचं नाटक घालवलंत."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाळा, मी बेस वाढवला असता तर तुझे चारही सूर वाढले असते. तीन सरळ येतात आणि एकच अंगावर येतो. हे माझ्या यंत्रातलं नाही, तुझ्या फायलीतलं आहे."

मला ते पटले नाही. ते पटायला चार महिने लागले. या चार महिन्यांत जे शिकलो ते माझ्यासारख्याच, घरच्या एका खोलीत संगीत करू पाहणाऱ्या विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने मांडतो.

१. आकडा आणि मोठेपणा

आपल्या संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. हे तिन्ही गुण स्वतंत्र आहेत अशी आपली समजूत असते. स्वर उंच की नीच याचा तो मोठा की लहान याच्याशी काय संबंध? माझीही हीच समजूत होती. पण कानाच्या बाबतीत ती खरी नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली या विषयावर गाजलेले संशोधन प्रसिद्ध केले. निरनिराळ्या कंपनसंख्यांचे शुद्ध स्वर माणसाला सारखेच मोठे वाटण्यासाठी प्रत्येकाला किती जोर द्यावा लागतो, हे त्यांनी मोजले. पुढे ही मोजणी अनेकांनी सुधारली. २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे घेतले तर असे दिसते की, १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ आणि ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. म्हणजे खाली जावे तसा कान बहिरा होत जातो.

आता माझे चार स्वर पाहा. पाश्चात्त्य नावांनी ते ई, जी, ए आणि बी असे होते. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगायचे तर पांढरी तीन, पाच, सहा आणि सात. मात्र पेटीच्या मधल्या सप्तकाच्या तीन सप्तके खाली. मधल्या पांढरी पाचची कंपनसंख्या ३९२; तिची निम्मी १९६, तिची निम्मी ९८ आणि तिची निम्मी ४९. माझा जी तो हा ४९ हर्ट्झचा. ई ४१.२, ए ५५ आणि बी ६१.७. या चौघांना संगणकाने अगदी सारखा जोर दिला, तरी शुद्ध स्वर असतील तर ई सर्वांत लहान आणि बी सर्वांत मोठा वाटणार.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मघाचीच तुलना ४० ऐवजी ८० डेसिबलवर केली, तर ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे १०२ डेसिबल लागतात. याचा अर्थ असा की, वर १००० हर्ट्झला आवाज ४० डेसिबलने वाढवावा लागतो तेव्हा जेवढा फरक जाणवतो, तेवढाच फरक खाली ५० हर्ट्झला अवघ्या २४ डेसिबलमध्ये जाणवतो. खर्जात थोडी वाढ फार मोठी वाटते. रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळून हलक्या आवाजात जुळवलेला खर्ज नाट्यगृहाच्या मोठ्या आवाजात एकदम फुगतो, त्याचे एक कारण हे.

परंतु एवढ्याने माझा गुन्हा सिद्ध होत नाही. कानाचा हा नियम चारही स्वरांना चढत्या क्रमाने लागू आहे. मधला एकच जी का उसळावा?

२. खोलीचा दगा

याचे उत्तर मला अपघाताने मिळाले. परीक्षेच्या दिवसांत घरचे झोपले असताना मी तीच फाइल कानांवर हेडफोन लावून ऐकली. ई आला, आणि मग जी असा आला की मी दचकून हेडफोन काढले. घरच्या स्पीकरवर जी कधीच असा वाजला नव्हता. उलट तो नेहमी पडेल वाटे, म्हणून मीच तो वाढवत नेला होता. कागदावर हिशेब केला तेव्हा कळले की निरनिराळ्या ठिकाणी मिळून मी त्या एका स्वराला ९ डेसिबल जास्त दिले होते. मघाच्या हिशेबाने खर्जातले ९ डेसिबल म्हणजे वरच्या स्वरांतले सुमारे १५.

मग घरी तो पडेल का वाटत होता? माझ्या खोलीची लांबी साडेतीन मीटर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला ४९ ने भागले की जी या स्वराची तरंगलांबी मिळते ७ मीटर, म्हणजे माझ्या खोलीच्या बरोबर दुप्पट. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीइतकी भरते, तो स्वर त्या खोलीत दोन्ही भिंतींमध्ये स्थिर तरंगाच्या रूपाने उभा राहतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात नळीतल्या हवेचा जो प्रयोग असतो तोच हा. फक्त नळीच्या जागी आपण राहतो ती खोली. अशा तरंगात हवेच्या दाबाचा चढउतार भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो.

माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर होती.

खात्री करण्यासाठी मी ४९ हर्ट्झचा एकच लांब स्वर लावला आणि खोलीत चालू लागलो. खुर्चीपाशी तो नाहीसा होई. मागच्या भिंतीला पाठ टेकली की छातीत घुमे. चार पावलांत एकच स्वर मेलेला आणि माजलेला, दोन्ही. ज्यांच्या घरी स्पीकर आहेत त्यांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. मानसशास्त्राच्या वर्गात अवबोधाच्या भ्रमांविषयी आम्ही पुष्कळ वाचतो; पण आपण ज्यावर विश्वास टाकून दहा निर्णय घेतले ते ऐकणेच खोलीने ठरवलेले होते, हे असे पायांनी चालून कळले की ते विसरत नाही.

आपली खोली कोणत्या स्वराला दगा देईल हे काढायला सोपे गणित आहे : ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागावे, लांबी मीटरमध्ये घ्यावी. ३ मीटरच्या खोलीत ५७ हर्ट्झ, ४ मीटरच्या खोलीत ४३. रुंदी आणि उंची यांचेही असेच स्वर असतात, आणि त्या प्रत्येकाच्या दुपटीचे, तिपटीचेही. माझा चोर लांबीचा पहिला स्वर होता म्हणून तेवढाच येथे दिला.

यावर उपाय म्हणून भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने खर्जाला काडीचाही फरक पडत नाही. ७ मीटर लांबीच्या तरंगापुढे दोन इंचांचा पुठ्ठा म्हणजे पुरापुढे चाळणी. मी खुर्ची मध्यावरून हलवली, समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर आणली. हा व्यवहारातला ठोकताळा आहे. त्याने जी परत आला, निदान ओळखू येण्याइतका. बाकीच्यासाठी हेडफोनचा आधार घेतला. हेडफोनला स्वतःचे दोष असतात, पण त्यांना खोली नसते.

३. वाद्यातले दोष

खोलीचा दोष उघड झाल्यावर मी वाढवलेले ९ डेसिबल काढून टाकले. आता ओळ सारखी व्हायला हवी होती. पण ती झाली नाही! हेडफोनवरही ई आणि बी बाहेर येत, जी आणि ए मागे राहत. म्हणजे खोलीच्या खाली आणखी एक दोष दडलेला होता, आणि तो वाद्यात होता.

सिंथेसायझरमध्ये आधी एक कच्चा, करकरीत तरंग निर्माण होतो. बहुधा तो करवतीच्या दातांसारखा असतो, आणि त्यात मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर असतात. मग फिल्टर नावाची चाळणी ठरावीक मर्यादेच्या वरचे उपस्वर अडवते. माझ्या फिल्टरची मर्यादा १२० हर्ट्झच्या आसपास होती, आणि त्या मर्यादेपाशी येणाऱ्या उपस्वरांना उचलून धरणारे अनुस्पंदनही मी बरेच वर ठेवले होते, कारण त्याने आवाजाला धार येते. आता हिशेब करा. ई ची तिप्पट १२३.६ आणि बी ची दुप्पट १२३.४. दोघांचेही उपस्वर नेमके त्या उंचवट्यावर येऊन बसतात. जी चे उपस्वर ९८ आणि १४७, ए चे ११० आणि १६५. उंचवट्याच्या शिखरावर त्यांपैकी एकही नाही. म्हणून ई आणि बी पुढे, जी आणि ए मागे.

यावर उपाय वाद्यातच असतो. बहुतेक सिंथेसायझरमध्ये फिल्टरची मर्यादा स्वराबरोबर वरखाली सरकावी अशी सोय असते. ती पूर्ण चालू केली की प्रत्येक स्वराला त्याच्या त्याच्या उपस्वरांचा सारखाच वाटा मिळतो. त्याबरोबर अनुस्पंदन थोडे कमी केले. एवढ्या दोन गोष्टींनी अर्धे काम झाले.

दुसरा दोष दोन तरंगांचा. आवाज भरदार व्हावा म्हणून मी एकाच स्वराचे दोन तरंग किंचित वेगळे लावून एकत्र केले होते. समजा एक ४९ हर्ट्झ आणि दुसरा ४९.२५. असे दोन तरंग चार सेकंदांतून एकदा एकमेकांना बळ देतात आणि एकदा मारतात. तंबोरा जुळवताना तार थोडी चुकली की जे विस्पंद ऐकू येतात तेच हे. वरच्या स्वरांत ही हेलकावणी गोड लागते. पण खर्जाचा एक एक स्वर अर्ध्या सेकंदाचा असेल, तर एक स्वर बळाच्या क्षणी जन्मतो आणि पुढचा मृत्यूच्या क्षणी. ऐकणाऱ्याला वाटते, वाजवणाऱ्याचा हात कच्चा आहे. म्हणून खर्जाच्या तळाशी एकच साधा तरंग ठेवावा, प्रत्येक स्वराला तो एकाच कलेपासून सुरू होईल असे करावे आणि सारा भरदारपणा वरच्या थरात मिळवावा. डावा आणि उजवा कान यांत फरक करून आवाज पसरवण्याची हौसही १०० हर्ट्झच्या खाली आवरावी. कारण पुष्कळ सभागृहांत दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवल्या जातात आणि तेव्हा हा पसरलेला खर्ज स्वतःलाच खोडून टाकतो.

तिसरा दोष लांबलेल्या शेपटीचा. एका स्वराची आस संपण्यापूर्वी दुसरा सुरू झाला की क्षणभर दोघांची बेरीज होते. खर्ज एका वेळी एकच स्वर वाजवील अशी मर्यादा घालावी. ढोलाचा तडाखा ५० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याच्याशीही हाच झगडा होतो. दोन सारखे तरंग एकाच कलेत मिळाले तर ६ डेसिबलची वाढ, विरुद्ध कलेत मिळाले तर दोघेही गारद. तेव्हा ढोल वाजतो त्या क्षणापुरता खर्ज थोडा मागे घेण्याची रीत आहे, ती योग्यच आहे.

४. मोजावे कसे?

कानाला खोली फसवते आणि डोळ्याला आलेख. दोघांनाही एकमेकांची साक्ष हवी.

मी केलेली चाचणी अशी. ई पासून वरच्या ई पर्यंतचे तेरा स्वर, कोमल-तीव्र धरून, एकाच जोराने, प्रत्येकी एक सेकंद वाजवून ध्वनिमुद्रित केले. मग प्रत्येक स्वराची सरासरी पातळी वहीत लिहिली. कोणता स्वर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा पडतो ते पाहिले. मग तीच तेरा स्वरांची सरगम हेडफोनवर, खुर्चीत, दारात आणि भिंतीशी ऐकून शेजारी दुसरी खूण केली. जो स्वर वहीतही चुकतो तो वाद्याचा दोष. जो वहीत बरोबर आणि खुर्चीतच चुकतो तो खोलीचा दोष. हे एक वाक्य मला आधी कोणी सांगितले असते, तर आमचे नाटक वाचले असते.

आलेख वाचताना दोन सावधगिऱ्या. कंपनसंख्यांचा आलेख दाखवणारे यंत्र आवाजाचे छोटे तुकडे घेऊन गणित करते. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि एका तुकड्यात ४,०९६ नमुने असतील, तर आलेखातली एक पायरी जवळजवळ ११ हर्ट्झची होते. ई आणि त्याच्या लगतचा एफ यांत अंतर अवघे अडीच हर्ट्झ! एवढ्या मोठ्या पायरीवर तीन-चार स्वर एकत्रच उभे राहतात. तुकडा ३२,७६८ नमुन्यांचा घेतला की पायरी दीड हर्ट्झच्या आत येते आणि मग आलेखावर विश्वास ठेवता येतो. दुसरे असे की, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीच्या कामासाठी मोठेपणा मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली आली, तिच्यात अगदी खालच्या कंपनसंख्या मुद्दाम कमी धरल्या जातात. संपूर्ण रचनेचे माप घेण्यास ती उत्तम. खर्जाचा एकेक स्वर तोलण्यास नव्हे.

५. उपायांचा क्रम

खर्ज सारखा नाही म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो कॉम्प्रेसर लावण्याचा. मीही तो लावला होता, आणि उपयोग झाला नाही याचे कारण आता कळते. कॉम्प्रेसर म्हणजे एक दक्ष नोकर. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तो मूठ आवळतो. चारास एक असे प्रमाण असेल तर ८ डेसिबलची चढाई २ वर येते. पण त्याला माझी खोली ऐकू येत नाही, आणि मी स्वतःच जो स्वर ९ डेसिबलने चढवला तो चूक आहे हेही त्याला ठाऊक नसते. शिवाय त्याला खर्जाची चाल समजून घ्यावी लागते. ई या स्वराचे एक कंपन पुरे व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसर त्याहून चपळ ठेवला, तर तो स्वराचा मोठेपणा न सांभाळता एकेका कंपनालाच मुरड घालू लागतो आणि आवाज फाटतो. म्हणून आवळण्यास वीस-तीस मिलिसेकंद आणि सोडण्यास शंभराच्या पुढे, असे सावकाशीचे माप खर्जाला मानवते.

माझ्या अनुभवाने क्रम असा असावा. आधी बसण्याची जागा आणि हेडफोन यांनी कान खरा करावा. मग वाद्य दुरुस्त करावे : फिल्टर, कला, स्वरांची लांबी. त्यानंतर जो स्वर तरीही चुकतो त्याची पातळी हाताने, एकेक करून सारखी करावी. एखादीच कंपनसंख्या अधूनमधून उसळत असेल तर तेवढीच दाबणारे साधन वापरावे. कॉम्प्रेसर सर्वांत शेवटी, आणि तोही दोन-तीन डेसिबलपुरता. उलट क्रमाने गेले की आजार दडतो, बरा होत नाही.

६. जवारीचा धडा

एवढे सगळे करूनही एक प्रश्न उरतो. मोबाइलच्या किंवा छोट्या स्पीकरच्या अंगात ४१ हर्ट्झ वाजवण्याची ताकदच नसते. तेथे ई नाहीसा होणार नाही का?

याचे उत्तर आपल्या तंबोऱ्यात आहे. खर्जाची तार नुसती जाड असून भागत नाही; घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावली की तीच तार बोलू लागते. मिरजेच्या कारागिरांची कीर्ती ज्या कसबांवर उभी आहे, त्यांत जवारी काढणे हे एक. जवारीने होते काय? तारेतून उपस्वरांची रांग उभी राहते. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीच्या विशिष्ट आकारामुळे, एरवीच्या नियमाने निघू नयेत असे उपस्वरही निघतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. आणि उपस्वर ऐकू आले की मूळ स्वर गैरहजर असला तरी मन तो भरून काढते. ८२, १२३, १६४ अशी रांग कानावर पडली की मन म्हणते, हा ४१ चा कुटुंबकबिला आहे. जर्मन शास्त्रज्ञ झेबेक याने १८४१ साली सायरनवर प्रयोग करून या गोष्टीकडे लक्ष वेधले होते.

संगणकावर हीच जवारी लावता येते. खर्जाला हलकासा खरखरीतपणा देणारी साधने असतात. ती उपस्वर वाढवतात. त्याचा दुहेरी लाभ असा की, उपस्वर ज्या पट्ट्यात पडतात तेथे कान अधिक तीक्ष्ण आणि खोली अधिक प्रामाणिक असते. त्यामुळे तळाचा स्वर थोडा कमीजास्त झाला तरी ओळ सलग ऐकू येते. तंबोरा लावणाऱ्यांना हे गणिताशिवाय माहीत होते.

७. सारखेपणा म्हणजे सपाटपणा नव्हे

येथवर वाचून कोणास वाटेल की खर्जाचे सर्व स्वर एका रेषेत कापून ठेवणे हेच ध्येय. तसे नाही. रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे खर्जयंत्र बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढण्यासाठी काढलेले होते. ते फारसे खपले नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. त्या यंत्रात निवडलेल्या स्वरावर आघात देण्याची सोय होती; तो स्वर मोठाही होई आणि त्याचा फिल्टरही उघडे. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढले आणि एक नवा संगीतप्रकार रूढ झाला. २०१० साली चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा हे काम येथे पाच वर्षे आधी झाले होते हे जगाला कळले.

या रचनांत खर्ज सारखा नाही. तो उसळतो, दबतो, बोलतो. पण कोणता स्वर उसळावा हे वाजवणाऱ्याने ठरवले आहे. माझ्या ओळीत ते माझ्या खोलीच्या लांबीने ठरवले होते. फरक एवढाच, आणि तोच सगळा. आधी जमीन सारखी करायची ती यासाठी की, नंतर जो उंचवटा येईल तो आपला असावा.

८. शेवटी

या वर्षी स्नेहसंमेलनात तीच एकांकिका पुन्हा झाली. खर्जाची ओळ मी नव्याने बांधली. शेवटच्या वाक्यापूर्वी जी हा स्वर तीन डेसिबलने खाली घेतला. या वेळी जाणूनबुजून. आमच्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या प्राध्यापकांना आईचे वाक्य ऐकू गेले. मैत्रिणीने रंगपटात येऊन, "आता ऐकू येतं," एवढेच म्हटले.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या नाट्यगृहात जाऊन काकांना भेटलो होतो. चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून चार लोक असतानाच क्षमा मागितली. साडेतीन मीटर, ४९ हर्ट्झ, खुर्ची, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "गणित मला येत नाही बाळा. पण प्रत्येक नवीन ठिकाणी गेलो की मी आधी सगळीकडे फिरून ऐकतो. एका जागी बसून कधी ठरवत नाही."

माझ्या चार महिन्यांचा अभ्यास त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. तो वाचकांच्या स्वाधीन करून थांबतो.